खुकुरीचं पाणी

गुरखा म्हटलं की मुंबई-पुण्याच्या माणसाला रात्री काठी आपटत, शिट्टी फुंकत गल्लीतून जाणारा पहारेकरी आठवतो आणि त्याच्या कमरेला खुकुरी असणारच, असं तो धरून चालतो. नेपाळच्या डोंगरात कमरेला खुकुरी खोचून निघालेला माणूस बहुतेक वेळा लढाईला नव्हे, जळणाला निघालेला असतो. फांद्या छाटायच्या, बांबू फोडायचा, मटण तोडायचं, वाटेवरची झुडपं बाजूला करायची, ही तिची रोजची कामं. लढाई हे जोडकाम. पण जगभर नाव झालं ते जोडकामामुळे.

पातं मधोमध पुढे झुकलेलं असतं आणि वजन मुठीपासून दूर, फुगीर पोटाकडे गेलेलं असतं. त्यामुळे मनगटाला फार जोर लावावा लागत नाही. हात खाली आला की उरलेलं काम पातंच करतं. लष्करी खुकुरीचं पातं साधारण 10 ते 11 इंचांचं. म्यानाच्या मागच्या बाजूला दोन लहान सोबती असतात: बारीकसारीक कामाची कर्द आणि बोथट चकमक. चकमकीवर धार सारखी करता येते, गारगोटीवर आपटून ठिणगीही पाडता येते. घडण मुलखाप्रमाणे बदलते. सिरू गवताच्या पात्यासारखी सडपातळ ती सिरुपाते. पूर्वेकडच्या भोजपूरची भोजपुरे पोटाला जड. चैनपूरची चैनपुरे वेगळी.

मुठीजवळ पात्याला एक खाच असते. कोणी म्हणतं ती गाईच्या खुराची खूण, कोणी म्हणतं शंकराचा त्रिशूळ, कोणी सांगतं की रक्त मुठीपर्यंत ओघळू नये म्हणून. ज्याला जे पटेल ते त्याने घ्यावं. मात्र उपसलेली खुकुरी रक्त चाखल्याशिवाय म्यानात जात नाही, ही गोष्ट पर्यटकांसाठी आहे. तसं असतं तर डोंगरातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात रोज कोणाचं तरी बोट कापलं गेलं असतं. खरी खबरदारी निराळी आहे: खुकुरी उपसताना म्यान पाठीच्या बाजूने धरायचं, धारेच्या बाजूला बोटं ठेवायची नाहीत. शिवण उसवलेली असली तर पातं म्यानातून थेट तळहातात येतं. घरातला मोठा माणूस पोराच्या हाती खुकुरी देताना आधी हे शिकवतो.

ती घडवतात कामी, म्हणजे नेपाळचे लोहार. आज बरेच जण विश्वकर्मा हे आडनाव लावतात. पोलाद येतं भंगारातून. ट्रकचा जुना पाटा त्यांना सगळ्यात आवडतो. आपल्याकडे कोयते करणारेही त्याच्याच शोधात असतात. भट्टीला नेपाळीत आरन म्हणतात. कोळशात पाट्याचा तुकडा लाल केला की एक जण तो सांडशीत धरतो आणि समोरचे दोघे-तिघे पाळीपाळीने घण घालतात. धरणारा वडीलधारा असतो. कुठे मारायचं हे तो आपल्या लहान हातोडीने दाखवतो.

मग येतो पाण्याचा क्षण, आणि सगळी कारागिरी त्यात आहे. तापलेलं पातं हौदात बुडवत नाहीत. चोचीच्या किटलीतून फक्त धारेवर, त्यातही पोटाच्या भागावर जास्त, पाणी ओततात. पोट कडक होतं. टोक आणि मुठीकडचा भाग थोडा नरम राहतो. पाठ तर मऊच ठेवायची, म्हणजे लाकडाच्या गाठीवर घाव बसला तरी पातं तडकत नाही. किती ओतायचं आणि कधी थांबायचं हे लोखंडाचा रंग पाहून ठरतं. मोजमापाचं यंत्र नसतं. पाणी चुकलं तर दिवसभराची घणाघणी वाया जाते. त्यानंतरचं काम त्या मानाने सोपं आहे. रेड्याच्या शिंगाची किंवा लाकडाची मूठ, आत लाख भरून पात्याची निमुळती शेपटी घट्ट बसवायची, कानस, मग चकाकी. लाकडी म्यानावर चामडं चढवायचं काम परंपरेने सार्कींचं.

ज्याने पात्याला पाणी पाजलं, त्याच्या हातचं पाणी मात्र समाज पीत नव्हता. नेपाळचा पंतप्रधान जंगबहादूर राणा याच्या काळात, 1854 साली, मुलुकी ऐन नावाचा कायदा झाला आणि त्यात कामी, सार्की, दमाई या जाती अस्पृश्य म्हणून लिहून ठेवल्या गेल्या. मराठी वाचकाला हे चमत्कारिक वाटेल, कारण आपल्या गावगाड्यात लोहार बलुतेदार होता, पण शिवाशिवीच्या त्या रेषेच्या अलीकडचा. नेपाळच्या कामीलाही वर्षाला धान्याचं बलुतं मिळे, त्याला तिथे बालीघरे म्हणतात. ते घ्यायला तो अंगणापर्यंत येई आणि अंगणातच थांबे. 1963 च्या नव्या मुलुकी ऐनाने हे भेद कायद्यातून काढले. 2011 मध्ये अस्पृश्यता पाळण्याविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला, यावरून मधल्या काळाचा अंदाज यावा.

इंग्रजांना या हत्याराचा हिसका 1814 साली डेहराडूनजवळच्या गोरख्यांच्या नालापाणी किल्ल्याखाली बसला. तिथे त्यांचा जनरल गिलेस्पी पडला. पुढच्याच वर्षी त्यांनी गोरख्यांना आपल्या फौजेत भरती करायला सुरुवात केली. 1947 नंतर सहा पलटणी भारताकडे राहिल्या, एक नव्याने उभी केली. पुण्याजवळच्या खडकवासल्याला शिकलेले आणि कारगिलमध्ये परमवीरचक्र मिळवून गेलेले कॅप्टन मनोजकुमार पांडे अकराव्या गोरखा रायफल्सचे. गोरखा पलटणींच्या बिल्ल्यांवर आजही खुकुरी आहे.

शौर्यकथांपैकी मला भानुभक्त गुरुंग यांची सगळ्यात खरी वाटते, कारण तीत हत्याराची मर्यादाही दिसते. मार्च 1945, ब्रह्मदेशातलं आराकान. एकामागून एक खंदक घेत ते शेवटच्या बंकरपर्यंत पोचले. धुराचे बाँब आत टाकल्यावर बाहेर आलेल्या दोघा जपान्यांना त्यांनी खुकुरीने मारलं. आत शिरल्यावर मात्र खुकुरी फिरवायला जागा नव्हती, तेव्हा त्यांनी हाती आलेला दगड वापरला. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. युद्ध संपल्यावर ते फौज सोडून घरी परतले. पुढे त्यांचे तिन्ही मुलगे त्यांच्याच पलटणीत गेले.

अशा घरांत खुकुरी बापाकडून मुलाकडे जाते. मूठ बदलते, म्यान बदलतं, धार लावून लावून पातं अरुंद होतं, तरी ती आजोबांचीच. दशैंच्या नवमीला, म्हणजे आपल्या खंडेनवमीच्याच दिवशी, तिची पूजा होते. सरकारी खुकुऱ्यांचं नशीब वेगळं. काठमांडूच्या लगन शिलेखान्यात जुन्या बंदुकांबरोबर त्यांचे ढीग पडून होते. 2003 मध्ये तो सगळा माल परदेशी व्यापाऱ्यांनी विकत घेतला. आता संग्राहक त्यांतल्या काहींच्या पाठीवरचा गंज घासून खालची देवनागरी अक्षरं लावत बसतात. तिथे पलटणीचं नाव सापडतं.

वारसा दुसऱ्या बाजूनेही चालतो, भट्टीच्या. तिथला मुलगा घण उचलायच्या वयाचा झाला की आखाताचा किंवा मलेशियाचा व्हिसा शोधतो, आणि त्याला दोष देता येत नाही. काठमांडूतल्या ठामेलच्या दुकानांत टांगलेल्या चकचकीत खुकुऱ्यांतल्या कित्येक फक्त भिंतीसाठी केलेल्या असतात. त्यांनी लाकूड तोडून पाहायच्या भानगडीत पडू नये. कामाची हवी असेल तर पोटावर कानस फिरवून पाहावी: ती घसरली तर पाणी बरोबर बसलंय, चावली तर पातं कच्चं. परदेशी गिऱ्हाइकं हल्ली कारागिराचं नावही विचारू लागली आहेत, त्यामुळे काही पात्यांवर त्याची खूण उमटते. किमतीतला त्याचा वाटा किती, हे विचारणारी गिऱ्हाइकं अजून थोडी आहेत.