दवाखान्यात जाताना औषधांची पिशवी सोबत न्या

उतारवयात आजार सहसा एकटा येत नाही. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, गुडघेदुखी अशा दोन-तीन व्याधी एकाच रुग्णात आढळतात. प्रत्येक व्याधीच्या दोन गोळ्या धरल्या तरी संख्या चार ते सहावर जाते. पाच किंवा अधिक औषधे रोज चालू असलेल्या वृद्धाच्या बाबतीत विशेष सावधगिरी हवी.

याचे कारण असे की, वयोमानानुसार मूत्रपिंड व यकृत यांची कार्यक्षमता घटते. औषध शरीराबाहेर पडण्यास वेळ लागतो आणि तरुणाला मानवणारी मात्रा वृद्धाला जास्त होते. अमेरिकेतील डॉ. मार्क बीअर्स यांनी १९९१ साली वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादीच प्रसिद्ध केली. तिच्यात वेळोवेळी सुधारणा होत असते.

आपल्या भागातील नेहमीचे उदाहरण घेऊ. रक्तदाबासाठी एनालाप्रिल किंवा टेल्मिसार्टन आणि सोबत लघवी वाढविणारी गोळी चालू आहे. रोवणीच्या दिवसांत कंबर धरली, म्हणून दुकानातून डायक्लोफेनॅक आणून घेतली. ही तीन औषधे एकत्र आली आणि त्यातच हगवण लागून अंगातले पाणी कमी झाले, तर मूत्रपिंड अचानक निकामी होऊ शकते. मधुमेहाची ग्लिबेनक्लामाइडसारखी गोळी घेऊन जेवण टाळले, तर साखर एकदम उतरते. रुग्ण असंबद्ध बोलू लागतो आणि घरच्यांना तो म्हातारचळ वाटतो. झोपेच्या गोळीने रात्री तोल जाऊन खुब्याचे हाड मोडते.

कधी गोळीमुळेच दुसरी गोळी वाढते. रक्तदाबाच्या अम्लोडिपिनने काहींच्या पायांवर सूज येते. ती नवा आजार समजून सूज उतरविणारे औषध सुरू होते आणि अशक्तपणा वाढतो.

देवरी किंवा सालेकसा तालुक्यातील रुग्ण आधी गावच्या डॉक्टरांकडे, मग ग्रामीण रुग्णालयात, पुढे गोंदियाला आणि गरज पडल्यास नागपूरला जातो. चिठ्ठ्या चार होतात, पण त्या एकत्र कोणी पाहत नाही. एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी दुप्पट घेतले जाते.

म्हणून पुढील गोष्टी पाळा :

१) भरती होताना घरातील सर्व गोळ्या, मलमे, चूर्णे व जडीबुटी पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा.

२) सुट्टी मिळताना विचारा : जुन्यांपैकी कोणती औषधे बंद करायची? नवीन किती दिवस घ्यायची?

३) औषधाचे मूळ नाव व वेळ मोठ्या अक्षरांत एका कागदावर लिहून घ्या.

४) चक्कर, गोंधळ, लघवी कमी होणे, काळी शौच दिसताच दवाखाना गाठा.

मात्र हे वाचून स्वतःच्या मनाने कोणतेही औषध बंद करू नका. रक्तदाब, हृदय, फिट्स यांची औषधे व स्टेरॉइड एकाएकी थांबविल्यास जिवावर बेतू शकते. कमी करायचे ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.