लिंबोणीचीं पानें पिवळीं पडतात तीं कां ?

महसुली दप्तरांत आयुष्य घालविलेल्या मनुष्यास एक खोड जडते. शेऱ्याच्या रकान्यांत चार शब्द लिहिले कीं प्रकरण निकालांत निघालें, असें त्यास वाटतें. निवृत्तीनंतर घरामागील आठ गुंठ्यांत मीं कागदी लिंबाचीं सोळा झाडें लाविलीं. चौथ्या पावसाळ्याच्या अखेरीस त्यांचे शेंडे पिवळे दिसूं लागतांच मीं मनांतल्या मनांत शेरा मारला : “पिवळीं पडलीं, सबब खत द्यावें.” दुकानदारानेंही युरियाच सांगितला. तो दिला, वर पाणीही वाढविलें. पानें हिरवीं होण्याऐवजीं कागदासारखीं पांढरट झालीं, फांद्या शेंड्याकडून वाळत आल्या, आणि दोन झाडें कायमचीं गेलीं.

चूक एवढीच कीं, पिवळेपणा कोणत्या पानांवर आला हें मीं पाहिलें नाहीं. नत्र कमी पडलें तर झाड तें जुन्या पानांतून काढून कोवळ्या पानांस पुरवितें. म्हणून आधीं खालचीं जुनीं पानें शिरांसकट फिकट होतात. मॅग्नेशियमची उणीवही जुन्याच पानांवर उमटते. पण तींत कडा पिवळ्या होऊन देठाजवळ हिरवी पाचर शिल्लक राहते. लोहाची गोष्ट उलटी. तें एकदां पानांत बसलें म्हणजे सहसा तेथून हालत नाहीं; म्हणून उणीव नव्या पालवीवर दिसते : पान पिवळें, शिरांचें जाळें मात्र हिरवें. माझ्या झाडांवर नेमकें हेंच होतें. पालवी बारीक, अरुंद आणि पेरीं आखूड असतील तर जस्ताचा संशय घ्यावा. पिवळे चट्टे मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंस सारखे नसून वेडेवांकडे असतील, तर मात्र सायला किडीनें पसरणाऱ्या ‘ग्रीनिंग’ रोगाची भीति असते. त्यावर आजही खात्रीचा इलाज नाहीं. असें झाड जाणकारास दाखवावें.

डोळ्यांवर भरंवसा नसेल तर झाडालाच विचारावें. यूसेब ग्री नांवाच्या फ्रेंच गृहस्थानें १८४४ च्या सुमारास दाखवून दिलें होतें कीं, पिवळ्या पानावर लोहाच्या क्षाराचें पाणी लाविलें असतां लाविलेली जागा हिरवी होते. एक लिटर स्वच्छ पाण्यांत ५ ग्रॅम हिराकस व १ ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवावें. हें पाणी ताजेंच वापरावें. तांबूस झालेलें टाकून द्यावें. संध्याकाळीं कुंचल्यानें अर्ध्या पानास लावावें, अर्धें तसेंच ठेवावें, आणि खुणेसाठीं देठास दोरा बांधावा. माझीं दोऱ्याचीं पानें दहाव्या दिवशीं एका अंगानें हिरवीं झालीं. तीं पाहून आमच्या घरांतील मंडळी हंसली. मला मात्र गेलेल्या दोन झाडांची आठवण झाली.

आतां कोणी म्हणेल, मग हिराकस बुंध्याशींच टाकावा. आमच्या जमिनींत चुनखडीचे खडे आहेत. त्यांवर लिंबू पिळलें तरी बुडबुडे येतात. अशा जमिनींत लोह नसतें असें नाहीं, तें मुळांना घेतां येईल अशा रूपांत राहत नाहीं, आणि वरून टाकलेला हिराकसही लवकरच तसाच अडकतो. चिलेट घ्यावयाचें झाल्यास ‘ईडीडीएचए’ जातीचें पाहून घ्यावें. ‘ईडीटीए’ जातीचें चुनखडींत टिकत नाहीं, पैसे मात्र जातात. वरील पाण्याची फवारणी स्वस्त पडते, पण ती ज्या पानांस लागली त्यांपुरतीच. पुढील पालवीस पुन्हां करावी लागते.

साचलेल्या पाण्यानें हा विकार वाढतो, आणि मीं तर तेंच घातलें होतें ! यंदा आळीं भरणें बंद केलें असून उताराच्या अंगानें हातभर खोल चर काढला आहे. राहिलेल्या चौदांपैकीं अकरा झाडांची नवी पालवी हिरवी आली आहे. सखल कोपऱ्यांतील तीन अद्याप पिवळीच आहेत; चर तेथपर्यंत न्यावयाचा आहे.