फूटभराचा महाकाय

‘रोबोट जॉक्स’ हा चांगला सिनेमा आहे असं कुणी म्हटलं तर मी भांडणार नाही, पण दुजोराही देणार नाही. संवाद बाळबोध, अभिनय यथातथा. गोष्ट अणुयुद्धानंतरच्या जगातली. लढायांवर बंदी आलेली आहे. दोन महासत्तांमध्ये जमिनीचा तंटा झाला की दोन्हीकडून एकेक राक्षसी रोबोट मैदानात उतरतो. रोबोटच्या आत माणूस असतो. त्यानं हात उगारला की बाहेर लोखंडी हात उगारला जातो. 1990मध्ये अमेरिकेत सिनेमा लागला आणि सपशेल पडला. त्याच्यावर जीव टाकणारे लोक मिळाले ते पुढं, व्हिडिओ कॅसेटच्या जिवावर.

तरीही त्यातले रोबोट चालू लागले की त्यांचं वजन जाणवतं, आणि त्यातला एकही संगणकात घडवलेला नाही. दिग्दर्शक स्टुअर्ट गॉर्डन, पटकथा ‘द फॉरेव्हर वॉर’ ही कादंबरी लिहिणाऱ्या जो हाल्डमनची, रोबोटची रेखाटनं रॉन कॉबची आणि लढाया डेव्हिड ॲलनच्या. या ॲलननं रोबोटच्या छोट्या प्रतिकृती स्टुडिओत न ठेवता कॅलिफोर्नियातल्या एल मिराज नावाच्या कोरड्या तळ्यात नेल्या आणि खऱ्या उन्हात, खऱ्या डोंगरांसमोर लढवल्या. असं का केलं, हे वाचून नीट उमगत नाही. करून बघावं लागतं. कोरडं तळं आपल्याकडंही आहेच. औंढा नागनाथ तालुक्यात पूर्णेवरच्या सिद्धेश्वर धरणाचं पाणी मे महिन्यात मागं हटतं आणि उघडा पडलेला गाळ उन्हानं तडकतो. तळहात सहज आत जाईल एवढ्या भेगा पडतात.

भाच्याकडं हिंगोलीच्या दसऱ्याच्या प्रदर्शनातून घेतलेला प्लास्टिकचा रोबोट होता, उंची फूटभर. तो घेऊन आम्ही तिथं गेलो. मोठं म्हणजे किती, हे हिंगोलीच्या पोरांना शिकवावं लागत नाही. रामलीला मैदानावरचा पन्नासेक फुटी रावण ती लहानपणापासून बघतात. रोबोटची चकाकी मारायला त्याला राखुंडी चोळली, कारण चकाकलं की प्लास्टिक चुगली करतं. कमरेला आणि खांद्यांना तंगूस बांधला. तो धरणावर मासे धरणाऱ्या एका भोई काकांनी दिला. “शिनुमा काढायलाव का?” एवढं विचारून ते शेजारीच बसले.

आधी मुद्दाम साध्या वेगानं चित्रण केलं. तंगूस ओढला, रोबोट तोंडावर आपटला. भाच्यानं फोनमध्ये बघितलं आणि म्हणाला, “मामा, हे तर खेळणंच दिसायलंय.”

दिसणारच. फूटभरावरून वस्तू पाव सेकंदात जमिनीवर येते. 64 फुटांवरून यायला तिला दोन सेकंद लागतात. उंची 64 पट वाढली तरी वेळ आठच पट वाढतो, कारण आठाचा वर्ग 64. डोळ्याला हे गणित कुणी शिकवलेलं नसतं, पण त्याला ते पक्कं ठाऊक असतं: झटकन पडलं ते लहान, सावकाश पडलं ते मोठं. फोनच्या स्लो मोशनमध्ये सेकंदाला 240 चौकटी घेतल्या आणि 30च्या वेगानं दाखवल्या की वेळ बरोबर आठपट ताणला जातो. म्हणजे फूटभराचा रोबोट 64 फुटांचा होतो. रावणाच्याही डोक्यावरून बघणारा!

दुसऱ्यांदा, स्लो मोशनमध्ये, तो पडला तो तसाच. आधी गुडघा टेकला, मग खांदा कलला, मग धूळ. ही धूळ मात्र फार छळते. वेळ ताणता येतो, पण मातीचं ढेकूळ ढेकळाएवढंच राहतं. रोबोटच्या पायाशी हरभऱ्याएवढा खडा उडाला की पडद्यावर धोंडा दिसतो. म्हणून गाळ कुटून धोतराच्या फडक्यातून वस्त्रगाळ केला आणि पाय पडणार तिथं चिमटीनं भुरभुरला. मग कुठं धुरळ्याचे लोट उठले. कॅमेरा जमिनीला टेकवलेला, मागं पलीकडच्या काठावरच्या बाभळींची बारीक रेघ, त्यावर आभाळ. भेगांच्या दऱ्या झाल्या. तेवढ्यात वाऱ्यानं बाभळीची एक शेंग चौकटीत आणून टाकली आणि एवढा जंगी रोबोट क्षणात पुन्हा खेळणं झाला. ओळखीची एक वस्तू शेजारी आली की खेळ खलास.

आता ऊन कशाला, ते सांगतो. 240 चौकटी घ्यायच्या तर एकेका चौकटीच्या वाट्याला आठवा हिस्साच उजेड येतो. शिवाय रोबोट आणि मागचा डोंगर दोन्ही स्पष्ट हवेत. मागचं धूसर झालं की कॅमेरा वीतभर अंतरावरून बघतोय हे लगेच कळतं. फोनमध्ये ते फुकट साधतं. फिल्मच्या कॅमेऱ्यात त्यासाठी भिंगाचं छिद्र बारीक करावं लागतं, आणि छिद्र बारीक केलं की उजेड आणखी घटतो. एवढी तूट भरून काढायला स्टुडिओतले दिवे किती लावणार? सूर्य पुरतो. पण सूर्याबरोबर वाराही येतो. एल मिराजवर ॲलनच्या मंडळींना हवेनं दाद दिली नाही, काम लांबत गेलं आणि त्याच काळात सिनेमा काढणारी ‘एम्पायर पिक्चर्स’ ही कंपनी बुडाली. 1987मध्ये सुरू झालेलं चित्रण पडद्यावर यायला 1990 उजाडलं ते असं.

सिद्धेश्वरला अकराच्या पुढं तंगूस वाऱ्यानं थरथरायला लागला, तेव्हा ही ओढाताण हाताला कळली. भोई काका म्हणाले, “सकाळी या जी, वारं नसतंय.” सकाळच्या उन्हाचा दुसरा फायदा त्यांना ठाऊक नव्हता: तिरप्या उजेडात भेगांच्या सावल्या लांबतात आणि दऱ्या आणखी खोल दिसतात.

2013च्या ‘पॅसिफिक रिम’मध्येही माणसं रोबोटच्या आत बसून लढतात. ते रोबोट बहुतेक संगणकातले, खर्च अफाट, आणि दिसतातही देखणे. तरी माझं मत ॲलनच्या बाजूनं. त्याच्या रोबोटवर पडणारं ऊन खरं आहे, आणि तो पाय टेकतो ती जमीनही.

येत्या मे महिन्यात घरात सुट्टीवर आलेली पोरं असतील तर त्यांना कुठल्याही आटलेल्या तलावावर न्या. सकाळी आठला पोहोचा, फोन 240वर ठेवा, वस्त्रगाळ माती घरूनच न्या. आणि जिथं खाली पाणी असेल तिथल्या गाळात उतरू नका. वरून कोरडा दिसला तरी आत दलदल असते.