पांढरी भिंत, सावळा चेहरा

आदिलाबादजवळच्या मावला गावातल्या माणसाला पासपोर्टच्या अर्जासाठी हैदराबाद गाठावं लागत नाही. आदिलाबादच्या पोस्टातल्या सेवा केंद्रात काम होतं आणि मोठ्यांचा फोटोही तिथेच काढतात. घरून न्यायचा फोटो चार वर्षांच्या आतल्या लेकरांचा. परदेशातल्या भारतीय दूतावासांत मात्र मोठ्यांनाही फोटो द्यावा लागतो आणि 1 सप्टेंबर 2025 पासून तिथले नियम कडक झाले आहेत: मागे पांढरा पडदा, फोटोचा 80 ते 85 टक्के भाग चेहऱ्याने व्यापलेला, ओठ मिटलेले, सावली नको.

हे नियम आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचे आहेत. फोटो आता अधिकाऱ्याबरोबर यंत्रही पाहतं. ते डोळे, नाक, ओठ यांच्या जागा टिपून चेहऱ्याची मोजणी करतं. दोन डोळ्यांमध्ये किमान 90 पिक्सेल असावेत, असं जुनं मानक सांगतं. हसलं की गाल वर चढतात, डोळे बारीक होतात, ओठ फाकतात, मोजणी बदलते. फोन तोंडाजवळ धरला तरी तेच. 2018 च्या एका अमेरिकी अभ्यासानुसार फूटभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे 30 टक्के रुंद दिसतं. म्हणून सेल्फी नको. दुसऱ्याने चार-पाच फुटांवरून फोटो काढावा.

खरी अडचण मात्र पांढऱ्या पडद्याची आहे, आणि ती आपल्याकडच्या चेहऱ्यांना जास्त छळते. समोरचं सगळं सरासरीने मध्यम करडं आहे, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे 18 टक्के परत पाठवतं, असं कॅमेऱ्याचा प्रकाशमापक धरून चालतो. पांढरी भिंत त्याच्या चौपटीहून जास्त प्रकाश परत पाठवते. कॅमेऱ्याला वाटतं उजेड फार झाला. तो उजेड कमी करतो, भिंत करडी होते आणि सावळा चेहरा काळवंडतो. नाकाची कड, पापण्या, हनुवटीची रेघ अंधारात जाते. मग यंत्र अडखळतं आणि बोल लागतो चेहऱ्याला! यंत्राचीही तालीम अपुरी असते. 2018 मध्ये चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या प्रणाली तपासल्या गेल्या, तेव्हा गोऱ्या पुरुषांबाबत चूक जास्तीत जास्त 0.8 टक्के होती. काळ्या-सावळ्या स्त्रियांबाबत ती 34.7 टक्क्यांपर्यंत गेली. हा अन्याय आहे आणि तो दूर करणं यंत्र बनवणाऱ्यांचं काम आहे. तोवर स्टुडिओवाल्याने प्रकाश भिंतीवर न मोजता गालावर मोजावा. फोन असेल तर फोनच्या स्क्रीनवरच्या चेहऱ्यावर बोट टेकवावं, म्हणजे बहुतेक फोन तिथला उजेड धरतात. माणूस भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे उभा केला की मागची सावली खाली उतरते. चेहरा गुळगुळीत करणारी सोय आधी बंद करावी. ती खुणाच पुसते.

तान्ह्या बाळाला पांढऱ्या चादरीवर, खिडकीजवळ निजवावं. वरून वाकताना आपलीच सावली त्याच्या तोंडावर पडते, तेव्हा खिडकीकडे पाठ करू नये. मान धरणारा हात फोटोत येऊ देऊ नये. कपाळावरचं तेल चकाकतं, ते टिपून घ्यावं. काजळाची तीट मात्र आधीच पुसावी. नाहीतर बाळाच्या पासपोर्टवर ती पुढची पाच वर्षं राहील. फोटो झाला की आजी पुन्हा लावेलच.