मोफत बाळंतपणाचा जमाखर्च

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या दर्शनी भिंतीवर रंगविलेला मजकूर सहसा कोणी शेवटपर्यंत वाचीत नाही. पण ज्याने तो एकदा सावकाश वाचला, त्याला सरकारच्या औदार्याविषयी शंका घेण्यास जागा राहू नये, अशीच त्याची रचना असते. बाळंतपण मोफत, सिझेरियन करावे लागले तर तेही मोफत, औषधे, तपासण्या आणि रक्ताची पिशवी यांना पैसा पडणार नाही, साध्या बाळंतिणीला तीन दिवस व शस्त्रक्रिया झालेलीला सात दिवस जेवण मिळेल, आणि घरून दवाखान्यात, तेथून मोठ्या इस्पितळात व अखेर बाळासह पुन्हा घरी पोचविण्यास सरकारी गाडी येईल, ही सारी कलमे १ जून २०११ रोजी सुरू झालेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाने मंजूर केलेली आहेत. अशा तजविजींचे फळ पदरात पडलेच नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे २००१-०३ च्या सुमारास १४९ माता दगावत असत. २०१८-२० मध्ये हा आकडा ३३ वर आला. त्याचे सगळे श्रेय एका योजनेला देता येत नसले, तरी बाळंतपण घरातून दवाखान्यात आले, हे त्यामागचे एक ठळक कारण आहे यात संशय नाही.

असे असूनही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, सरकारी दवाखान्यात झालेल्या एका बाळंतपणापायी कुटुंबाने पदरचे मोजलेले पैसे देशभरात सरासरी २,९१६ रुपये निघाले. जे मोफत आहे त्याला तीन हजारांच्या आसपास रक्कम लागते, याचा उलगडा भ्रष्टाचार या एका शब्दाने करून मोकळे होण्याची आपल्याला सवय आहे. वस्तुतः खर्चाची वाट त्याहून साधी आहे. सरकारने जमाखर्च मांडला तो इस्पितळाच्या दारापर्यंतचा, आणि कुटुंबाला पैसे मोजावे लागतात ते बव्हंशी दाराबाहेर.

पहिले बाळंतपण माहेरी करण्याचा आपला रिवाज घ्या. सातव्या-आठव्या महिन्यात ओटी भरून लेक माहेरी येते ती विसाव्यासाठी. पण त्याबरोबर बाळंतपणाचा सगळा भार, लग्नाचे कर्ज अद्याप फिटले नसलेल्या बापाच्या माथी येतो. सरकारी दफ्तराला मात्र ही मुलगी माहेरी आल्याची वर्दी लवकर लागत नाही. तिची नोंद सासरच्या उपकेंद्रात आशाताईने केलेली, आधार कार्डावर नाव माहेरचे, बँकेचे पासबुक सासरच्या तालुक्याचे. त्यामुळे जे अनुदान हातखर्चाला वेळेवर यावयाचे, ते बाळाचे बारसे होऊन, कधी त्याला दात येऊन गेल्यावर खात्यात जमा होते. लोकरिवाज शतकानुशतके जुना असताना कारकुनी व्यवस्थेने तो गृहीत धरू नये, याचे आश्चर्य वाटते.

कळा सुरू होतात त्या बहुधा रात्री. मुलीची आई जुन्या लुगड्याची धुतलेली दुपटी, कुंची, थर्मास आणि स्टीलचा डबा पिशवीत भरते. दुसऱ्या, प्लास्टिकच्या पिशवीत माता-बाल संरक्षण कार्ड आणि झेरॉक्स प्रतींची चवड असते. गाडी येते आणि केंद्रावर पोचवते. तेथे सिस्टर रक्तदाब पाहते, तो चढलेला असतो. हिमोग्लोबिन पाहते, ते सातावर असते. आणि चिठ्ठी लिहून ती पुढे पाठविते. पुढच्या रुग्णालयात शस्त्रक्रियेची खोली आहे, पण भूलतज्ज्ञ आज नाही. म्हणून तेथूनही पुढे, जिल्ह्याच्या गावी. थॅडिअस आणि मेन या दोन अभ्यासकांनी १९९४ साली मातामृत्यूच्या मुळाशी असलेले तीन विलंब सांगितले: निर्णय घेण्यातला, पोचण्यातला आणि पोचल्यावर उपचार मिळण्यातला. तिसरा विलंब आपल्याकडे अनेकदा पुन्हा दुसऱ्याचे रूप घेतो, कारण उपचार न मिळणे म्हणजेच पुन्हा प्रवास. सरकारी गाडीत मुलगी आणि तिची आई मावते. बाप व भाऊ मागून भाड्याच्या जीपने निघतात, आणि खर्चाचा पहिला आकडा येथे पडतो.

रक्ताची पिशवी मोफत खरी, पण तिच्या बदल्यात रक्तदाता आणा असे सांगितले जाते. जेवण बाळंतिणीला मिळते. व्हरांड्यात सतरंजी टाकून बसलेल्या तिघांना नाही. वॉर्डातल्या मावशींना पेढ्यांचे म्हणून काही द्यावे लागते आणि मुलगा झाला की हा दर चढतो, हे एक अलिखित परिपत्रकच आहे. या साऱ्यांत सर्वांत मोठी बाब मात्र कोणत्याच पावतीवर येत नाही, ती म्हणजे तीन-चार माणसांची आठवडाभराची बुडीत मजुरी. बुडीत मजुरी हा खर्च आहे, हे सरकारला ठाऊक नाही असे नव्हे. आदिवासी भागांत प्रसूतीच्या आधी काही दिवस गरोदर बाईला आरोग्य केंद्राच्या आवारात राहता यावे म्हणून काढलेल्या माहेरघर योजनेत या नुकसानीचा विचार झालेला आहे. तो तेवढ्याच मुलखापुरता का थांबावा, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही.

इतकी यातायात नको म्हणून जे कुटुंब थेट खाजगी दवाखाना गाठते, त्याची गोष्ट निराळी. त्याच सर्वेक्षणानुसार देशातल्या सरकारी दवाखान्यांत शेकडा १४.३ बाळंतपणे सिझेरियनने झाली, खाजगीत ४७.४. केवळ डॉक्टरांच्या लोभावर बोट ठेवून हा प्रश्न सुटत नाही. तालुक्याच्या गावी एकटा डॉक्टर, भूलतज्ज्ञ दुसऱ्या गावाहून यावयाचा, कळा चौदा-सोळा तास चालावयाच्या आणि त्या ताटकळण्याचा मोबदला शून्य. उलट शस्त्रक्रिया तासाभरात आटोपते आणि काही विपरीत घडल्यास ‘वेळेवर का नाही केले’ असा जाब विचारला जात नाही. त्यातून पंचांग काढून मुहूर्त सांगणारे आजोबाही असतातच. बिल चुकते करताना मात्र आजोबांचे पंचांग नव्हे, तर सुनेच्या गळ्यातले गहाण पडते.

हा भार कोणी सोसावयाचा, हा वाद मुंबईला नवा नाही. परपुरुष डॉक्टरापुढे जाण्यापेक्षा बायका मरण पत्करतात, हे ओळखून स्त्रियांनीच चालवावयाचे कामा हॉस्पिटल १८८६ साली उघडले, आणि डॉ. एडिथ पेची तेथे प्रमुख होत्या. त्याच वर्षी आनंदीबाई जोशी अमेरिकेत पदवीधर झाल्या. चौदाव्या वर्षी झालेले त्यांचे मूल दहा दिवसांत गेले होते, आणि त्यांच्या प्रबंधाचा विषय प्रसूतिशास्त्र होता. पुढे १९२९ साली मुंबई इलाख्यात कारखान्यांतील स्त्रियांसाठी प्रसूती-भत्त्याचा कायदा झाला. आदल्या वर्षी कौन्सिलात त्या विधेयकाच्या बाजूने बोलताना डॉ. आंबेडकरांनी बाळंतिणीची विश्रांती हे राष्ट्राचे हित ठरविले होते. गिरण्यांतल्या बायकांना जे तेव्हा तत्त्वतः मिळाले, त्याची वाढ होत होत २०१७ साली सव्वीस आठवड्यांची पगारी रजा झाली. पण ती हजेरीपटावर नाव असलेलीला. शेतमजूर, धुणेभांडी करणारी, वीटभट्टीवरची, यांच्यासाठी आहे ती प्रधानमंत्री मातृवंदना योजना, पहिल्या अपत्याला पाच हजार रुपये. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने निदान सहा हजार कबूल केले होते, ही गोष्ट निराळी. सव्वीस आठवडे म्हणजे एकशे ब्याऐंशी दिवस. भागाकार केल्यास रोजी सत्तावीस-अठ्ठावीस रुपये पडतात. एवढ्यावर कोणती बाई घरी बसेल?

जी घरी बसू शकत नाही, तिचे पुढे काय होते ते बीड जिल्ह्याने दाखविले. दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाताना नवराबायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादम त्या जोडीला उचल देतो, आणि एकाचाही खाडा झाला तर दंड उचलीत चढतो. फडाशेजारच्या कोपीत न्हाणीघर नाही, संडास नाही, पाणी दुरून आणावयाचे. पाळीत अंग भरून येते, अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते. हा बहुधा साधा जंतुसंसर्ग असतो आणि गोळ्यांनी तो जातो. पण गोळ्या घेऊन पुन्हा दाखवायला येण्यासाठी खाडा करावा लागतो. अशा वेळी कोणी डॉक्टर ‘कॅन्सर होईल’ असे म्हणतो, आणि दोन-तीन लेकरे झालेली पंचविशी-तिशीतली बाई ‘पिशवी’ काढून टाकण्यास तयार होते, पैसे मुकादमाकडूनच घेते आणि पुढच्या हंगामात ते फेडण्यासाठी टाके ओले असतानाच मोळी उचलते. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढे ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीचे आकडे आले. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती, म्हणजे सहा जणींमागे एक. पिशवीबरोबर बीजकोशही काढले असल्यास पस्तिशीतच हाडे ठिसूळ होऊ लागतात. जिल्हा शल्यचिकित्सकाच्या परवानगीशिवाय खाजगीत ही शस्त्रक्रिया करू नये, असा हुकूम त्यानंतर निघाला. तो योग्यच होता. मात्र त्याने शस्त्रक्रियेवर पहारा बसला, खाड्यावर बसला नाही.

या प्रकारात फडाइतकाच दोष आपल्या दृष्टीचा आहे. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापले तेव्हा, शेकडा ९२ स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग आढळला आणि त्यापूर्वी आयुष्यात कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया शेकडा आठच निघाल्या. पोटात मूल नसलेल्या स्त्रीचे शरीर आरोग्यव्यवस्थेच्या वहीत जवळजवळ नव्हतेच. आजही पान उघडते ते गर्भधारणेची नोंद झाल्यावर आणि मिटते ते बाळाच्या लसीकरणाशी. अंग बाहेर येत असल्याचे वर्षानुवर्षे लपविणाऱ्या सासूला, किंवा रक्तस्रावाने पांढरीफटक पडलेल्या चाळिशीच्या जावेला, त्या वहीत रकाना नाही.

दर महिन्याच्या ९ तारखेला, २०१६ पासून, सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची तज्ज्ञ डॉक्टरकडून तपासणी होते. टेबल, पडदा, हातमोजे आणि गावी आलेली डॉक्टर, सर्व तेथे हजर असते. सुनेला घेऊन आलेली सासू दाराशी बाकावर बसून असते. ज्या जिल्हा परिषदेला पैशाची ददात सांगावयाची असेल तिने आधी एवढे करून पाहावे की, त्या दिवशी दुपारनंतरचे दोन तास त्या बाकावरच्या बायकांसाठी राखून ठेवावेत, आणि सोबत आलेल्या एका माणसाची दिवसाची मजुरी जागेवरच रोख द्यावी.