स्वरलिपी, कान आणि संगत : मुंबईतील गोमंतकीय वादकांचे जाझ-शिक्षण

बीजसंज्ञा : तंत्र, ढंग, स्विंग, अनुकरण, संगत

प्रास्ताविक

कोणतीही वादनशैली शिकताना तंत्र आणि ढंग अशा दोन बाबी आत्मसात कराव्या लागतात. तंत्र म्हणजे हाताची, बोटांची व श्वासाची शिस्त. ती शब्दांत सांगता येते, लिहून ठेवता येते आणि परीक्षेत तपासताही येते. ढंग म्हणजे लयीचा तो डौल, ज्यावरून जाणकार श्रोता वादकाला क्षणात ओळखतो. हा ढंग परक्या प्रदेशातील शिकणाऱ्यास प्राप्त होऊ शकतो काय आणि होत असल्यास कोणत्या मार्गाने, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात मुंबईतील गोमंतकीय जाझवादकांच्या आधारे केला आहे. तुलनेसाठी फ्रान्समधील जिप्सी गिटारवादनाचे उदाहरण घेतले आहे.

लिपीचे सामर्थ्य व मर्यादा

पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन व व्हायोलिनवादन शिकविले जाई. समोरचा कागद पाहून अचूक वाजविण्याची क्षमता बालवयातच अंगी बाणत असे. या बळावर अनेक गोमंतकीय तरुणांनी मुंबईतील हॉटेले, क्लब आणि पुढे चित्रपटांचे वाद्यवृंद यांत स्थान मिळविले.

जाझच्या बाबतीत मात्र केवळ लिपी अपुरी पडते. कागदावर दोन समान अर्ध्या मात्रा लिहिलेल्या असतात. वाजविताना पहिली लांबते आणि दुसरी आखडते. किती लांबवावयाची, हे लयीच्या गतीनुसार बदलते. चार मात्रांच्या मापात दुसऱ्या व चौथ्या मात्रेस विशेष उठाव मिळतो. यालाच 'स्विंग' म्हणतात. बंदिशीची स्वरलिपी आणि प्रत्यक्ष गायकी यांतील अंतर ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना ही अडचण सहज उमगेल.

मुंबईतील अनौपचारिक शाळा

ही उणीव दोन मार्गांनी भरून निघाली. पहिला मार्ग ध्वनिमुद्रिकांचा होता आणि दुसरा प्रत्यक्ष सहवासाचा. १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा आफ्रिकी-अमेरिकी वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजविण्यास आला. त्यानंतर ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ व पियानोवादक टेडी वेदरफर्ड यांचेही वादन मुंबईकरांनी ऐकले. १९३९ पासून सुमारे दोन दशके ताजमध्ये मिकी कोरिया यांचा वाद्यवृंद वाजत राहिला. परक्यांकडून ऐकलेली शैली आता येथील वादकांच्या हाती आली होती.

आल्दोना गावचे आंतोनियो शावियेर वाझ (१९१६-१९६७), म्हणजेच चिक चॉकलेट, हे या संदर्भात लक्षणीय नाव होय. लुई आर्मस्ट्राँग यांचे ट्रम्पेटवादनच नव्हे, तर त्यांचा घोगरा आवाजही त्यांनी उचलला. हे अनुकरण तेथेच थांबले नाही. संगीतकार सी. रामचंद्र यांच्यासमवेत काम करताना 'अलबेला' (१९५१) सारख्या चित्रपटांतून हा ढंग हिंदी गीतांत मुरला.

जिप्सी गिटारचे उदाहरण

बेल्जियममध्ये जन्मलेले मानूश जिप्सी गिटारवादक जँगो राइनहार्ट (१९१०-१९५३) यांना स्वरलेखन वाचता येत नव्हते. १९२८ च्या आगीत त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाली. उरलेल्या दोन बोटांवर त्यांनी आपली एकल वादनशैली उभारली. १९३४ मध्ये व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेली यांच्यासह त्यांनी स्थापन केलेल्या पंचकात तीन गिटार, एक व्हायोलिन व डबल बास एवढीच वाद्ये होती. ढोल-झांजांचा संच नसल्याने ठेक्याचा संपूर्ण भार साथीच्या गिटारवर पडे. या साथीस 'ला पोंप' म्हणतात. तीत दुसरी व चौथी मात्रा ठसठशीत वाजवून डाव्या हाताचा दाब सैल केला जातो आणि नाद तत्काळ तोडला जातो. एकल वादनात पिकचा आघात खालच्या दिशेने करून पिक पुढील तारेवर टेकू दिली जाते आणि नव्या तारेवर जाताना पुन्हा खालचाच आघात घेतला जातो. ध्वनिवर्धकाविना स्वर ठळक उमटावा, हा यामागील हेतू.

हे सर्व नियम लिहिता येतात, परंतु नाद नेमका केव्हा तोडावा हे शेजारी बसूनच कळते. म्हणूनच या परंपरेत नवशिक्याने आधी दीर्घकाळ साथ करावी, अशी रीत आहे. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे : जँगो यांनाही जाझचा साक्षात्कार आर्मस्ट्राँग यांच्या ध्वनिमुद्रिकांतूनच झाला. एक निरक्षर, दुसरी परंपरा लिपीत पारंगत. दोघांचाही जन्म जाझच्या भूमीबाहेरचा. तथापि दोघांचा आदर्श एकच होता.

आपल्याकडील साम्य

मुळशी खोऱ्यातील वारकरी भजनातही नवखा मुलगा प्रथम टाळ घेतो. मृदंग त्याच्या हाती नंतर येतो. तोवर ठेका त्याच्या अंगात भिनलेला असतो. साथीकडून एकल वादनाकडे जाणारा हा क्रम मूलतः तोच होय.

निष्कर्ष

१. अस्सलपणा हा केवळ जन्माचा वारसा नव्हे. सूक्ष्म श्रवण, प्रामाणिक अनुकरण व दीर्घ संगत यांतून तो अर्जित करता येतो.

२. स्वरलिपी तंत्राचे जतन करते. ढंगाकडे ती केवळ निर्देश करू शकते.

३. साथ ही दुय्यम कामगिरी नसून ती शिक्षणाची पहिली पायरी आहे.

महाविद्यालयीन संगीत अभ्यासक्रमांत जे लिहून तपासता येते त्यालाच गुण मिळतात आणि परिणामी तेवढेच शिकविले जाते. वेळापत्रकात सामूहिक श्रवण व साथसंगतीचे तास राखून ठेवले आणि मूल्यमापनात त्यांना स्थान दिले, तरच विद्यार्थी अचूकतेच्या पलीकडे जाऊ शकेल.