नातवंडांच्या पदरात श्रद्धा

व्याख्यानमालेला येणाऱ्या मंडळींत आजीआजोबांचा भरणा नेहमीच मोठा. त्यांच्यापैकी पुष्कळांचे मुलगे आणि सुना तळेगाव-चाकणच्या कारखान्यांत पाळीवर जातात आणि नातवंडे दिवसभर या वडीलधाऱ्यांच्याच स्वाधीन असतात. ज्या श्रद्धेवर आपण आयुष्य काढले ती या मुलांच्या पदरात कशी पडावी, ही चिंता त्यांच्या मनात असते. वारकऱ्याच्या घरात ती आहे, तशीच ख्रिस्ती घरातही आहे. आज आम्ही उदाहरण ख्रिस्ती घराचे घेणार आहो. प्रश्न मात्र सर्वांचाच आहे.

येशूच्या अनुयायाला मूळ ग्रीक ग्रंथात जो शब्द वापरला आहे त्याचा अर्थ ‘शिकणारा’ असा होतो. आपला ‘शिष्य’ हा शब्दही ‘ज्याला शिकवावयाचे तो’ अशाच अर्थाचा आहे. आता शिकणे हे ज्याचे त्यानेच करावयाचे असते. शेत सातबाऱ्यावर चढते, वाडा वाटणीत मिळतो. श्रद्धा तशी कोणाच्या नावावर करून देता येत नाही. ही गोष्ट ख्रिस्ती मंडळ्यांनी आपल्या विधींतच मान्य केली आहे. ज्या मंडळ्या तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देतात, तेथे मुलाच्या वतीने वडीलधारी माणसे वचन देतात. परंतु मूल जाणते झाले म्हणजे त्याने ते वचन स्वतःच्या तोंडाने द्यावे अशी अपेक्षा असते. बॅप्टिस्ट मंडळी तर स्वतःचा विश्वास सांगता येण्यापूर्वी कोणाला बाप्तिस्माच देत नाहीत. म्हणजे अखेरचा होकार नातवाचा. मग आजीच्या हाती काय उरते?

याचे उत्तर नव्या करारात एका वाक्यात आले आहे. पौलाच्या नावे तीमथ्य या तरुण शिष्याला लिहिलेले जे दुसरे पत्र आहे, त्याच्या आरंभी तीमथ्याच्या विश्वासाचा उल्लेख येतो. हा विश्वास प्रथम त्याच्या आजीच्या, लोईसच्या ठायी होता, मग आईच्या, युनीकेच्या ठायी आला, असे तेथे म्हटले आहे. साऱ्या नव्या करारात ‘आजी’ हा शब्द या एकाच ठिकाणी येतो. तीमथ्याचा बाप ग्रीक होता, आई यहूदी. म्हणजे घर दोन परंपरांचे. लोईसने नातवाला काय सांगितले हे पत्रात नाही. विश्वास तिच्या ठायी राहत होता, एवढेच आहे. जे घरात राहते ते मुलाला दिसते, आणि दिसते ते ते उचलते.

आपल्या महाराष्ट्रात याचे ठळक उदाहरण म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे घराणे. टिळकांचा जन्म १८६१ सालचा. आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नवा करार दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने ते भारून गेले आणि १८९५ साली मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नीची त्याला संमती नव्हती. लक्ष्मीबाई कर्मठ घरातील. त्यांच्यावर आकाशच कोसळले. मुलगा दत्तू अजाण वयाचा. काही वर्षे नवराबायको वेगळी राहिली. तो काळ किती दुःखाचा होता हे लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त लिहून ठेवले आहे. श्रद्धा माणसे जोडते तशी घरे दुभंगतेही, हे आम्ही येथे लपवू इच्छीत नाही.

पुढे दोघे पुन्हा एकत्र आली. तेव्हाही लक्ष्मीबाई हिंदूच होत्या. ख्रिस्ती नवऱ्याच्या घरात त्या आपले सोवळे सांभाळून राहिल्या आणि टिळकांनी ते सांभाळू दिले. पुढे स्वतःच विचार करकरून त्यांना पटले की माणसामाणसांतील ही उच्चनीचता देवाने केलेली नाही. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घाई कोणी केली असती तर तो होकार नवऱ्याचा झाला असता, त्यांचा झाला नसता.

येथे कोणी शंका घेईल की हे प्रेम म्हणजे गळाला लावलेले आमिषच नव्हे काय? शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर त्याच घरात सापडते. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोंबरे या पोरसवदा कवीने टिळकांचे मन जिंकले. तेच आपले बालकवी. पुढे नगरला टिळकांच्या घरी ते राहिले आणि लक्ष्मीबाईंनी त्यांना पोटच्या पोरासारखे वागविले. बालकवी अखेरपर्यंत हिंदूच राहिले. त्यांच्यावरची माया त्यामुळे तसूभरही कमी झाली नाही. होकार न मिळताही जे टिकते तेच प्रेम. नातवंडांच्या बाबतीत हीच कसोटी लावावी.

दुसरी शंका याच्या उलट. सक्ती नको म्हणजे मौन पाळावे काय? टिळकांनी मौन पाळले नाही. त्यांनी ख्रिस्ती उपासनेत कीर्तन आणि भजन आणले, मराठमोळ्या चालींवर पदे रचली. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे प्रसिद्धच आहे. इंद्रायणीकाठी भंडाऱ्याच्या डोंगराशेजारी राहणाऱ्या आपल्याला त्याचा अर्थ वेगळा सांगावयास नको. १९१७ साली त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला, तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही शिष्यांसाठी. बोलावे, गावे, दार उघडे ठेवावे, पण आत कोणाला ओढू नये, अशी ही रीत होती.

या रीतीचे फळ काय मिळाले? टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे काव्य आरंभिले. दहा-अकरा अध्याय झाले आणि १९१९ साली ते वारले. ज्यांना लिहिणेवाचणे टिळकांनीच शिकविले होते, त्या लक्ष्मीबाईंनी पुढचे साठाहून अधिक अध्याय रचून ते पुरे केले. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली, पण १९३६ साली लक्ष्मीबाई गेल्या; अपुरा भाग मुलाने, देवदत्तांनी पुरा केला. आणि त्या ग्रंथाची अभ्यासपूर्ण आवृत्ती सिद्ध केली ती नातू अशोक देवदत्त टिळक यांनी. आजोबांचे अपुरे आजीने पुरे केले, आजीचे मुलाने, आणि नातवाने सारे जपले. यातला एकही दुवा हुकमाने जोडलेला नाही.

तेव्हा आजीआजोबांनी करावे तरी काय? आमच्या मते तीन गोष्टी पुरेत. पहिली, आपली प्रार्थना मुलाच्या देखत करावी, मुलाला दाखविण्यासाठी करू नये. त्याला हा फरक लगेच कळतो. दुसरी, आपले चुकले तर नातवाची माफी मागावी. क्षमेवर ज्या धर्माचा एवढा भर, तो पाठांतरापेक्षा अशा एका प्रसंगाने अधिक समजतो. तिसरी, नातवाने ‘देव दिसत का नाही?’ असे विचारले तर त्याला दटावू नये. जेवढे ठाऊक असेल तेवढेच सांगावे. शिष्य म्हणजे शिकणारा, हे आरंभी सांगितलेच आहे, आणि आजीही अजून शिकतेच आहे हे नातवाला दिसले तर बिघडत काहीच नाही.

एवढे करूनही नातू कदाचित निराळ्या वाटेने जाईल. गेला तरी रात्री त्याचे ताट झाकून ठेवावे. त्या झाकलेल्या ताटात आजीची सारी श्रद्धा असते, आणि ती त्याला पोचल्यावाचून राहत नाही.